उतरताना चारशे मीटर

आज सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवले. देशाने कुठवर मजल मारली आहे हे सामान्य नागरिकाला आकड्यांतून आणि सोप्या भाषेत सांगणारी एक ना-नफा संस्था नुकतीच स्थापन झाली आहे आणि हे तिचे 'नेतृत्व पथक' आहे, असे त्यावर लिहिले होते. अकरा छायाचित्रे, अकरा कोट, त्यांतल्या नऊ जणांनी हाताची घडी घातलेली. माझा विद्यार्थी दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा. चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता, सतराच्या पाढ्याला हमखास अडखळायचा, आणि आता तो संस्थेच्या आकडेवारी विभागाचा प्रमुख झाला आहे. मला मनापासून आनंद झाला. तो आनंद मिनिटभर टिकला, कारण नंतर मी एकेकाच्या नावाखालचा परिचय वाचायला घेतला.

सल्लागार कंपन्या, परदेशातील विद्यापीठे, गुंतवणूक, जाहिरात, आणि एक बाई तर 'कथाकथन प्रमुख'! अकरांपैकी एकाच्याही परिचयात असे एक वाक्य नव्हते की, हा मनुष्य कधीतरी हातात फॉर्म घेऊन परक्याच्या दारात उभा राहिला आणि 'तुमच्याकडे पाणी कुठून येते?' असे त्याने विचारले. मी ते चित्र दोनदा मोठे करून पाहिले. नाहीच.

मी मात्र उभी राहिले आहे. २०१० च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचे काम आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडे आले आणि मला अकोले तालुक्यातील डोंगराच्या कुशीतली एक वाडी मिळाली. (वाडीचे नाव लिहिणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीयता घातली आहे आणि मी निवृत्त झाले तरी ती माझ्यापुरती संपलेली नाही.) एकूण पस्तीस प्रश्न होते. भिंत कशाची, छप्पर कशाचे, चूल कशावर पेटते, घरात रेडिओ आहे का, सायकल आहे का. पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणासाठी तीनच पर्याय होते : आवारात, जवळ, दूर. ग्रामीण भागात पाचशे मीटरच्या आत असेल तर 'जवळ', त्यापलीकडे 'दूर'.

शेवटून दुसऱ्या घरात एक आजी एकट्या राहत होत्या. विहीर खाली ओढ्याच्या काठाला. मी दारातूनच अंदाज बांधला आणि 'चारशे मीटर' असे पुटपुटले, ते त्यांनी ऐकले. म्हणाल्या, "बाई, चारशे उतरताना का चढताना?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग कळशी काखेला मारून त्या निघाल्या आणि लाजेकाजेस्तव मीही त्यांच्यामागे निघाले. उतरायला काही वाटले नाही. चढताना मला तीन ठिकाणी थांबावे लागले, माझ्या हातात फक्त फायलीची पिशवी होती. वर आल्यावर घोटभर पाणी त्यांनी आधी मला दिले. संध्याकाळी पर्यवेक्षकांना विचारले, तर ते म्हणाले, "बाई, अंतर लिहायचे आहे, चढ नाही." नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच होते. मी 'जवळ'चा आकडा भरला.

निघताना आजींनी विचारले होते, "ह्यो कागद वर जाऊन काय म्हनला, ते सांगाया परत कोन येनार?"

"मी येईन," असे मी म्हणाले.

२०१२ च्या मार्चमध्ये घरयादीचे आकडे जाहीर झाले. देशातील ४६.६ टक्के घरांना पाणी आवारात, ३५.८ टक्क्यांना जवळ आणि १७.६ टक्क्यांना दूर. त्या ३५.८ मध्ये आमच्या आजी बसलेल्या आहेत, कळशीसकट. आता ही संस्था उद्या त्या आकड्याचे सुंदर रंगीत वर्तुळ काढील, पाणी घराच्या जवळ आले अशी आनंदाची बातमी देईल, आणि त्या अकरांपैकी कोणाच्याही पोटरीला गोळा येणार नाही. माझा राग नेमका एवढ्यासाठीच आहे. आकडा खोटा नाही. मीच भरला आहे तो. पण त्या आकड्यात काय मावले नाही, हे ज्याला पायांनी ठाऊक आहे असा एक तरी माणूस त्या पथकात बसायला हवा होता की नको?

दुपारी मी हे माझ्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितले, बऱ्याच चढ्या आवाजात. तो शांतपणे म्हणाला, "बाई, अमेरिकेतही असाच प्रयोग झाला होता." त्याने माहिती चांगली काढली होती, हे कबूल करते. तिथे 'स्टेट ऑफ द यूएसए' नावाची संस्था निघाली, राष्ट्राच्या प्रगतीचे मोजके निर्देशक नागरिकांसमोर ठेवावेत म्हणून. २०१० च्या आरोग्य कायद्यात या कामासाठी आठ जणांच्या आयोगाची तरतूदही झाली, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांतील दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी प्रत्येकी दोन सदस्य नेमायचे असे ठरले. म्हणजे निदान आकडा सांगणाऱ्याला कोणी नेमावे, हा प्रश्न त्यांना पडला तरी! तुमच्या अकरा जणांना कोणी नेमले, असे मी विचारले. "आम्हीच एकत्र आलो," असे तो म्हणाला.

अमेरिका कशाला, पुणे आहे ना. १८७० साली गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसे. निवडणुका नव्हत्या, राज्य परक्याचे होते, तरीही 'लोकांची स्थिती आम्ही सांगतो' असे म्हणण्याआधी पन्नास जणांच्या दारात जाऊन यावे लागत होते. १८७६ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्या काळीही सभेत वकील, सरदार आणि सावकार यांचाच भरणा होता, आमच्या आजींसारखे कोणी नव्हतेच, हे कोणी म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते. पण सहीचा कागद होता.

आणि आज? आज २०२१ ची जनगणनाच झाली नाही, आता होणाऱ्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर देशाची प्रगती सांगणाऱ्या प्रत्येकाला आधार म्हणून मागे वळून माझ्यासारख्या शिक्षकांनी २०१०-११ मध्ये घामाघूम होऊन भरलेल्या त्याच कागदांकडे यावे लागते. त्या कागदांचा उल्लेख या पथकाच्या परिचयपत्रात 'विदास्रोत', म्हणजे माहितीचा उगम, असा एका शब्दात आला आहे.

सगळ्याच संस्था अशा असतात असे नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेचा, मुलांना वाचता येते का ते तपासणारा 'असर' अहवाल २००५ पासून येतो. शिक्षिका म्हणून मी त्या अहवालावर वर्षानुवर्षे चिडत आले आहे, तो वेगळा विषय. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलेच दुसरीचा उतारा वाचू शकली, असे आले तेव्हाही मी चिडले. पण त्यांची पद्धत मला मान्य करावी लागते. तो स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातो, ओट्यावर बसतो, मुलासमोर चार ओळींचा कागद धरतो, आणि मूल अडखळते तेव्हा आई भाकरी टाकता टाकता ते पाहत असते. दिल्लीत अहवाल निघेल तेव्हा निघेल, उत्तर त्या आईला त्याच क्षणी मिळालेले असते. 'परत कोन येनार' हा प्रश्न तिथे निम्मा तरी सुटतो.

इथवर लिहून मघाशी चहाला उठले आणि परत बसले, तेव्हा राग बराच खाली आला होता. कारण एक गोष्ट मी गिळून टाकली होती, ती लिहायला हवी. मी 'येईन' म्हणाले होते आणि गेले नाही. पुढच्या वर्षी बदली झाली, मग सासूबाईंचे आजारपण, मग निवृत्ती. चौदा-पंधरा वर्षांत अकोल्याला चार लग्ने झाली, त्या चारही वेळा वाडीच्या फाट्यावरून एसटीने गेले. आजींचे तेव्हाच सत्तरीच्या पुढे वय असावे. तेव्हा त्या अकरा जणांना मी कोणत्या तोंडाने बोलते आहे, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. त्यांनी निदान परत येण्याचे वचन तरी कोणाला दिलेले नाही.

त्यांना संगणक येतो, पैसा उभा करता येतो, सरकारी तक्त्यांच्या जंगलातून हवा तो आकडा दोन मिनिटांत काढता येतो. हे काम आम्हाला जमले नसते, हे खरे आहे. एवढी एक ओळ त्यांच्या बाजूने.

संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याचाच फोन आला. "बाई, ती विहीर कुठे आहे?" नाव सांगता येणार नाही असे मी सांगितले. तो म्हणाला, "नाव नका सांगू, बरोबर चला." कोटवाल्या आणखी दोघांना घेऊन तो येत्या रविवारी गाडीने येतो आहे. माझ्या गुडघ्यांना तो उतार आता झेपणार नाही, मी वरच आजींच्या ओट्यावर बसेन, त्या असल्या तर त्यांच्याशेजारी. घरातली पितळी कळशी मात्र काढून चिंचेने घासून ठेवली आहे आणि त्याला सांगितले आहे की बूट घालून ये, ती वाट निसरडी आहे.