बैलाची सही

चहाच्या टपरीचा एक फोटो विकावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. कराडच्या अलीकडची टपरी, कोवळं ऊन, पातेल्यातून निघणारी वाफ आणि गाळणं उंच धरलेला टपरीवाला. जाहिरातींसाठी फोटो विकणाऱ्या एका परदेशी एजन्सीकडे तो पाठवला. उत्तर आलं : फोटो उत्तम आहे, फक्त ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचं ‘मॉडेल रिलीज’, म्हणजे त्या माणसाची लेखी संमती, आणि मागच्या पोस्टरचं ‘प्रॉपर्टी रिलीज’, म्हणजे मालकाची लेखी संमती, जोडा.

टपरीवाल्यानं ‘ह्यात कर्जाचं कायबी न्हाय ना?’ एवढंच विचारून सही ठोकली. घोडं अडलं ते मागच्या फ्लेक्सवर.

फ्लेक्स वाढदिवसाचा होता. उत्सवमूर्ती, शर्यतीचा बैल. डोळ्यांवर गॉगल, मागे उगवता सूर्य आणि खाली तिकिटाएवढ्या फोटोंत दोन रांगा शुभेच्छुक. एजन्सीच्या मते हे सगळे ओळखू येत होते. गावात विचाराल, तर फ्लेक्सवाल्यानं त्यांना इतकं गोरं केलं होतं की घरच्यांनीही नाव वाचूनच खात्री केली असती.

‘माझा चेहरा जाहिरातीत वापरायला हरकत नाही’ असं लिहून द्यायचं, खाली साक्षीदाराची सही, आणि माणूस अज्ञान, म्हणजे कायद्यानं लहान, असेल तर पालकाची. मी छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघालो. ‘युवा नेते’ चार वर्षांचे निघाले. त्यांच्या वतीनं वडिलांनी सही केली. एक आधारस्तंभ म्हणाले, ‘‘करतो की सही. पण मला वरच्या रांगेत घ्या.’’ आणखी एकानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. ‘‘आवो, मला फ्लेक्सवर टाकताना कुणी इचारलं न्हाय, आन् तुम्ही फ्लेक्सचा फोटू काढायला इचारताय?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फ्लेक्सलाही कुणाची परवानगी नव्हतीच. राज्यात विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे, उच्च न्यायालयानं २०१७ साली बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेशही दिले आहेत. बैलानं त्यातलं काही वाचलेलं नसावं.

वकील मित्राकडे गेलो. त्यानं १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. इमारतीचा फोटो बिनधास्त काढावा, सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या पुतळ्याचाही काढावा. (इमारतीतही गोम आहेच. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं २०१७ साली आपल्या वास्तूच्या रूपाचा ट्रेडमार्क नोंदवून घेतला.) पोस्टरवरचं चित्र मात्र या सवलतीत बसत नाही. शिवाय फ्लेक्स कायमचा कसला? वाढदिवस उलटला की तो शेळ्यांच्या छपरावर जातो. ‘‘मग ‘एडिटोरियल’मध्ये टाक,’’ मित्र म्हणाला. म्हणजे बातम्यांसाठीचा फोटो. त्याला अशी रिलीजं लागत नाहीत, पण तो जाहिरातीत चालत नाही. आणि चहाची वाफ ही बातमी कुठल्या पेपरची?

आता उरला बैल. हा मॉडेल की मालमत्ता? एजन्सीला विचारलं, तर मालकाकडून प्रॉपर्टी रिलीज घ्या म्हणाले. मालकांनी फॉर्म वाचून घेतला आणि ‘मालमत्ता’ या शब्दावर बोट ठेवलं.

‘‘हे खोडा.’’

‘‘दादा, छापील आहे ते.’’

‘‘आसंल छापील. त्यो घरातला माणूस हाय. आमच्या लेकीच्या लग्नपत्रिकेत त्येचं नाव होतं.’’

मी निमूटपणे मॉडेलचा फॉर्म पुढे केला. जन्मतारीख फ्लेक्सवर होतीच. वय पाच, म्हणजे अज्ञान. पालक म्हणून मालकांनी समाधानानं सही केली.

शेवटी फ्लेक्स बनवणाऱ्या पोराकडे गेलो. पोस्टरच्या डिझाइनचा हक्क त्याचा, म्हणून त्याची सही. तो प्रामाणिक निघाला. ‘‘सर, बैल आन् माणसं गावची. गॉगल, हार आन् सूर्य नेटवरनं घेतलाय.’’

‘‘सूर्य कुणाचा?’’

त्यानं संगणकावर मूळ फाइल उघडून सूर्य मोठा केला. किरणांवर तिरप्या, फिकट अक्षरांत नाव होतं. त्याच परदेशी एजन्सीचं.

‘‘एवढं काय दिसतंय व्हय फ्लेक्सवर?’’ पोरगा म्हणाला.

त्याच रात्री मी प्रॉपर्टी रिलीजचा कोरा फॉर्म एजन्सीला पाठवून दिला. मालकाच्या सहीची जागा पिवळी केली, आणि साक्षीदार गावातला मिळेल, असं खाली लिहिलं.