इंडेक्स टू नसलेली आजी

"ही कोरी आहे, काका," असं म्हणून काउंटरवरच्या मुलाने माझी आजी माझ्याकडे सरकवली.

आजी म्हणजे आठ सेंटिमीटर व्यासाची डीव्हीडी. अशा चार. २००८ साली आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठाण्यात घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये झालं. भावोजींनी सिंगापूरहून आणलेला हँडीकॅम माझ्या हातात दिला, मी शूटिंग केलं आणि तबकड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेल्या. पुढे आजी गेली. कॅमेरा एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर गेला. डबा राहिला. आमच्या घरात श्रीखंडाचा डबा टाकून देण्याची पद्धत नाही.

आता इतक्या वर्षांनी त्या तबकड्यांची आठवण कशाला, तर उखाण्यासाठी. आजीने आयुष्यात चारचौघांत आजोबांचं नाव घेतलं ते त्या दिवशी, एकदाच. तो उखाणा काय होता यावर आत्या आणि आई गेल्या गणपतीपासून एकमेकींशी जपून बोलतायत. आत्याचं म्हणणं, त्यात भेळ होती. आईचं म्हणणं, भेळ शक्यच नाही, सासूबाई बाहेरचं काही तोंडात घालत नसत. "तू शूटिंग केलंस ना? मग लाव," असं दोघींनी मला सांगितलं. गेल्या वर्षभरात त्यांचं एकमत झालेलं हे एकच वाक्य.

लावलं. घरच्या प्लेयरने 'नो डिस्क' म्हटलं. डिस्क त्याच्या पोटात फिरतेय, घरघर मला ऐकू येतेय, आणि हा म्हणतो डिस्कच नाही. शेजाऱ्यांचा प्लेयर 'डिस्क एरर' म्हणाला, म्हणजे त्याने निदान अस्तित्व तरी मान्य केलं. ताईच्या लॅपटॉपने तर, या कोऱ्या डिस्कवर तुम्हाला काय भरायचंय, असं अदबीने विचारलं. बायकोने कुठेतरी वाचलं होतं की टूथपेस्ट लावून पुसली की डिस्क चालते. तिसऱ्या तबकडीवर तो प्रयोग झाला. तबकडीला लवंगेचा वास आला, बाकी काही नाही.

म्हणून गेल्या शनिवारी गोखले रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. पाटीवर 'सर्व प्रकारची डेटा रिकव्हरी' असं लिहिलं होतं. मुलगा विशीतला. त्याने आधी तबकडी दोन बोटांत धरून, "एवढीशी? सॅम्पल पीस आहे का?" असं विचारलं आणि मग ती कोरी ठरवली.

"कोरी कशी असेल? मी स्वतः शूट केलंय," मी म्हणालो.

"मग फायनलाइज केली नसेल."

"म्हणजे काय रे?"

हे मी नाही विचारलं. आवाज मागून आला. दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पायाशी टेकवलेली छत्री, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकं काढून बसलेली शेपूची जुडी. त्यांचं त्या दुकानात काय काम होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पंखा चांगला होता, तेवढंच असावं.

मुलाने त्यांना समजावून सांगितलं. मला नाही, त्यांना. व्हिडिओ डिस्कवर लिहिला जातो, पण शेवटी यंत्राने सुरुवातीच्या भागात अनुक्रमणिका लिहून डिस्क बंद करायची असते. तेच फायनलाइज. ते झालं नाही, तर ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग केलं त्याला सगळं दिसतं. बाकीचे प्लेयर आधी अनुक्रमणिका शोधतात, ती नसली की डिस्क रिकामी समजतात.

गृहस्थ खुर्चीत सरळ झाले. शेपू हलला.

"हां! म्हणजे दस्त झालाय, इंडेक्स टू निघालेला नाही!"

चौतीस वर्षं त्यांनी दस्त नोंदणीत काढली होती, हे पुढच्या दीड मिनिटात दुकानातल्या सगळ्यांना कळलं. म्हणजे मला, मुलाला आणि झेरॉक्स काढायला आलेल्या एका मुलीला.

"बघा हं," त्यांनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं. "दस्त लिहिला. मुद्रांक भरला. अंगठे उठवले, फोटो काढले. सगळं झालं. पण सूचीत, म्हणजे इंडेक्स टूला, नोंदच पडली नाही. उद्या वकील सर्च घ्यायला आला, तर त्याला काय दिसेल?"

"कोरं," मुलगा म्हणाला.

"कोरं! माणूस फ्लॅटमध्ये राहतोय, गॅस आहे, पंखा फिरतोय, आणि कागदावर फ्लॅटच नाही."

"एकदम बरोबर, काका."

दुकानात आता दोन काका होते आणि बरोबर काका मी नव्हतो.

"ताबा कोणाकडे होता?" त्यांनी मला विचारलं.

"कसला ताबा?"

"कॅमेऱ्याचा. त्या दिवशी."

"माझ्याकडे."

"म्हणजे बटण दाबायची जबाबदारी?"

"माझीच, पण..."

"हं."

हा 'हं' अजून माझ्या डोक्यातून जात नाही. लोक शिव्या देतात, सल्ले देतात, ते चालतं. या 'हं'मध्ये सही न करता बाहेरगावी निघून गेलेले थोरले भाऊ होते, मृत्युपत्र उशाखाली ठेवून गेलेल्या सासवा होत्या, आणि त्या सगळ्यांच्या रांगेत शेवटचा मी, हातात श्रीखंडाचा डबा घेऊन उभा होतो.

"मला कोणी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. झेरॉक्सवाली मुलगी वळून बघायला लागली.

"सगळे हेच म्हणतात," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी कळव्याच्या तीन भावांची गोष्ट सुरू केली. एकच खोली, तिघांचे तीन दस्त. त्या गोष्टीत मधल्या भावाची बायको, एक पोटमाळा आणि हरवलेली पावती होती. शेवट मला कळला नाही, कारण मुलाने मधेच दर सांगितला. एका डिस्कचे दोन हजार, रिकव्हरीची गॅरंटी नाही, आणि आता पाहिलं त्याचे चेकिंगचे पाचशे.

"कोरी आहे हे सांगायचे पाचशे?"

"फी ती फी," गृहस्थ म्हणाले. "पण मी म्हणतो, सूची नसली तरी खंड आहेत ना? पानं तर जळाली नाहीत? मग एकेक पान उलटून दस्त शोधायचा. आम्ही काढलेत असे."

मुलाने मान डोलावली. मी पाचशे दिले. गृहस्थांना कोणी काही दिलं नाही, आणि कामाचं तेवढंच बोलणं त्यांनी केलं होतं.

मला यातली खरी चीड वेगळीच आहे. व्हीएचएसची कॅसेट होती तेव्हा लाल बटण दाबलं की रेकॉर्ड, काढली की दुसऱ्याच्या घरी लावली. टेपवर जे उमटलं ते उमटलं. तिला कोणी, बाई तू पूर्ण झालीस का, असं विचारत नव्हतं. मग प्रगती झाली. डिस्क बंद केली की या जातीच्या डिस्कवर पुढे काही भरता येत नाही, म्हणून यंत्र ती स्वतःहून बंद करत नाही, तुमच्यावर सोडतं. कारण योग्य आहे, मान्य. पण त्यासाठी मेनूत शिरायचं, अडॅप्टर लावायचा आणि काही मिनिटं कॅमेऱ्याला हात न लावता बसायचं. भावोजींनी क्वालिटी सगळ्यात वरची लावून ठेवली होती, त्यामुळे एका तबकडीत जेमतेम वीस मिनिटं मावत होती. समोर औक्षण चाललंय, एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट डगमगतंय, आणि मी कोपऱ्यातल्या प्लगपाशी उकिडवं बसून यंत्राची संमती घेतोय, असं कोण करेल? त्यातून गंमत अशी की रेकॉर्डिंग जितकं कमी, तितका फायनलाइजला वेळ जास्त. एक गुंठ्याची केस वीस वर्षं चालते तसं, असं ते गृहस्थ म्हणाले असते. आता मला सगळं त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

रविवारी सकाळी डबा पिशवीत घातला, नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली आणि ऐरोलीला भाच्याकडे गेलो. त्याच्याकडे जुना कंप्युटर आहे, बाहेर येणाऱ्या ट्रेचा. ट्रे महत्त्वाचा. नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये ही छोटी तबकडी घातली तर ती आतच अडकते. गाडीच्या स्टीरिओत घालून बघू, असं भावोजी म्हणाले होते. नशीब, मी ऐकलं नाही.

विंडोजने पुन्हा विचारलं, कोऱ्या डिस्कचं काय करू. भाच्याने ती खिडकी बंद केली आणि आयसोबस्टर उघडला. हा प्रोग्रॅम अनुक्रमणिकेच्या भरवशावर बसत नाही. डिस्कवर खरोखर काय लिहिलंय ते तो सेक्टर सेक्टर करत वाचतो. पानं उलटत. मी भाच्याला काही बोललो नाही, पण मला शेपूचा वास आला.

पहिली तबकडी या ड्राइव्हने नाकारली. भाच्याने माळ्यावरून दुसरा ड्राइव्ह काढून जोडला, त्याने ती घेतली. सगळे ड्राइव्ह सारखे नसतात म्हणे, एकाला जे वाचता येत नाही ते दुसरा मुकाट्याने वाचतो. दुपारपर्यंत तीन तबकड्यांमधून व्हिडिओच्या मोठाल्या व्हीओबी फाइल निघाल्या. तिसरी मात्र नाही. भाच्याने ती उजेडात तिरकी धरून पाहिली आणि विचारलं, "मामा, ही घासली कोणी?" चांगल्या तबकडीवर टूथपेस्ट घासणं म्हणजे तिला ओरखडे काढणंच. बायकोचं नाव मी घेतलं नाही. सध्या घरात कोणाचंही नाव घेणं धोक्याचं आहे.

संध्याकाळी नौपाड्याच्या घरी सगळे जमले. आत्या, आई, ताई, भावोजी. लॅपटॉप टीव्हीला जोडला. चौथी तबकडी. आजी नऊवारीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायका तिला ढोसतायत, ती नको नको म्हणतेय. मग तिने घसा खाकरला. आमच्याही खोलीत सगळे गप्प झाले.

"तलावपाळीच्या कट्ट्यावर वारा सुटतो गार..."

"आता भेळ येणार!" आत्या ओरडली.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून भावोजींचा आवाज आला. "अरे, डिस्क संपत आलीय. काढायच्या आधी फायनलाइज कर हं, नाहीतर दुसरीकडे चालणार नाही."

आणि माइकच्या अगदी तोंडाशी, आजीच्या चौपट आवाजात, मी. "हो हो हो, माहितीये मला! नंतर करतो ना, आधी पंगत उठू दे!"

हॉलमध्ये टाळ्या. आजी तोंडाला पदर लावून हसत होती. नाव घेऊन झालं होतं.

खोलीत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, तेही फार ठरवून. "मागे घे," आई म्हणाली. मागे घेतलं. गार, मग भावोजी, मग मी, मग टाळ्या. आवाज वाढवून पाहिला, माझाच वाढला. पाचव्यांदा आत्याला मागून कुठेतरी 'भेळ' ऐकू आलं. आईला ते 'वेळ' वाटलं, आणि 'वेळ' असेल तर अर्थही लागतो, असं ती म्हणाली. दोघी पुन्हा सुरू झाल्या.

त्यानंतरही आणखी चारदा मागे घ्यावं लागलं. "अजून एकदा लाव रे," असं दर वेळी भावोजी म्हणत होते, आणि त्यांना उखाण्याशी काही देणंघेणं नव्हतं.