ललतची वेळ

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले. राग शांत झाला की लिहू, म्हणून थांबले होते. तो काही शांत होत नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

आमच्या भागातल्या एका दिवाळी पहाटेची गोष्ट आहे. कुठली ते विचारू नका. नाशकात गंगापूर रोडपासून जेल रोडपर्यंत कुठलीही धरा, फार फरक पडणार नाही. पहाटे पावणेपाचला मी खुर्च्या लावायला मंडपात हजर होते (वर्गणी कमी दिली की असं अंगमेहनतीचं काम येतं). थंडी बरी होती. तबलजींनी तबला-डग्गा शालीत गुंडाळून ठेवला होता, दव पडलं की पुडी उतरते म्हणून. मंचावर अर्धवट उजेडात दोन तानपुरे जुळत होते. खुर्च्यांचा खडखडाट थांबवून ऐकलं, तर पहिली तार पंचमात नव्हतीच, मध्यमात होती. मी शेजारच्या काकूंना कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "ललत आहे!" काकू म्हणाल्या, "कोण ललित?"

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ललत हा पहाटेचा राग. तानपुऱ्याला चार तारा. मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा), आणि पहिली बहुतेक वेळा पंचमात (प) लावतात. ललतला पंचम वर्ज्य, म्हणजे तो स्वर त्यात लागतच नाही, म्हणून ती तार मध्यमात (म) उतरवतात. त्यात ललतमध्ये शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकाला एक लागून येतात, आणि तिथेच काहीतरी असं होतं की पोटात कालवतं. वेळ उजाडण्याआधीची. रात्र सरलीय पण दिवस आपला म्हणवत नाही, तेवढाच तुकडा. नाशकात दिवाळीच्या सुमारास सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास. कार्यक्रम सव्वापाचचा होता. म्हणजे ललतला सव्वा तास. चैन!

सव्वापाचला निवेदक आले. निवेदकांनी सूर, सूर्य आणि सुगंध यांचं नातं सांगितलं. मग दीपप्रज्वलन. वाऱ्याने समईच्या वाती लागेनात, मग लायटर शोधला, मग फोटोग्राफर म्हणाला परत एकदा लावल्यासारखं करा. मग सत्कार. मी मोजले, चौदा. शाल, श्रीफळ, गुलाबाचं रोप आणि प्रत्येकाचे दोन शब्द. दोन शब्द कधीच दोन नसतात हे आपल्याला माहीत आहे. सहा वीसला एक पाहुणे पोचले, त्यांच्यासाठी समई पुन्हा पेटवली गेली. ती विझली नव्हती, तरी पेटवली.

कलाकाराच्या हाती माईक आला तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मंडपाच्या कापडातून ऊन आत आलं होतं. ते हसले, सगळ्यांना नमस्कार केला आणि काही न बोलता तानपुऱ्याकडे वळले. खुंटी पिळली. सगळ्यांच्या देखत, माईक चालू असताना, तो मध्यम चढत चढत पंचमावर गेला. मग मणी सरकवून बारीक जुळवणी, दुसऱ्या तानपुऱ्यालाही तेच. तीन-चार मिनिटं लागली असतील. त्या सबंध सकाळी मला सगळ्यात लख्ख ऐकू आलेली गोष्ट तीच. मग त्यांनी अल्हैया बिलावल गायला, उजाडल्यानंतरचा राग. छानच गायला, तक्रारीला जागा नाही. माझ्या लेकीने विचारलं, "आई, त्यांनी ट्युनिंग का बदललं?" म्हटलं, ललत घडी घालून परत बॅगेत ठेवला त्यांनी.

आठच्या सुमाराला पहिल्या रांगेतले सोफे रिकामे झाले होते. सत्कारवाल्यांना पुढच्या पहाटेला जायचं होतं.

आता यावर मला ऐकवलं गेलं की वेळबिळ जुन्या लोकांची खुळं आहेत, राग कधीही ऐकावा. अहो, मी स्वतः दुपारी बसमध्ये कानात बोंडं घालून ललत ऐकते. कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन आपल्याइतकं पाळत नाहीत, म्हणून तिथलं गाणं काही उणं पडत नाही. पण प्रत्यक्ष मैफलीला पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, दात वाजवत माणसं येऊन बसतात ती कशासाठी? रेकॉर्डिंगमध्ये सूर मिळतात, पण झोपेतून अर्धं बाहेर आलेलं अंग नाही मिळत. ते अंग घेऊन आम्ही आलो होतो आणि त्या अंगाला तुम्ही भाषणं घातलीत.

हे सगळं डोक्यात जायचं कारण बाबा. आमचे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. (नाशिकबाहेरच्यांसाठी: प्रेस म्हणजे नोटा आणि स्टॅम्प छापतात ती, वर्तमानपत्राची नव्हे.) शिफ्टची नोकरी, त्यामुळे रात्री जागायची सवय, आणि सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी एसटीने पुण्याला. सोबत घोंगडी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव तेव्हा रात्र रात्र चालायचा. बाबा सांगायचे, मध्यरात्री मालकंस ऐकून बाहेर चहाला यायचं, पुन्हा आत जाऊन दरबारी ऐकायचा, आणि शेवटच्या सत्रात भीमसेनजी गायला बसायचे तेव्हा पहाट झालेली असायची. रात्र कशी उतरत जाते ते रागांतून कळायचं, घड्याळ बघावं लागायचं नाही.

मी मोठी होऊन कमवायला लागले तोवर ती रात्र गेली होती. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सवलत. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गल्लीत लग्नाच्या वरातीत डीजे वाजतो तेव्हा मीच पहिली पोलिसांना फोन करते. पण मालकंस आणि डीजे एकाच कायद्यात सापडले आणि त्यात मालकंस गेला, हेही खरं. बंद सभागृहाला सूट आहे म्हणे. पण सभागृह भाड्याने मिळतं ते सत्रावर. शालिमारच्या कालिदास कलामंदिरात असो की आणखी कुठे, रात्रीचं सत्र संपलं की पडदा ओढणाऱ्याला घरी जायचं असतं. आणि शालिमारवरून नाशिकरोडला जायला अकरानंतर रिक्षावाले जो आकडा सांगतात त्यात दुसऱ्या मैफलीचं तिकीट येईल.

म्हणजे मध्यरात्र कायद्याने गेली. उरली होती पहाट. ती शालींनी खाल्ली.

सगळीकडे असंच असतं असं नाही, हे सांगायलाच हवं. नेहरू चौकात पिंपळपारावर पाडवा पहाट होते ती ज्यांनी एकदा ऐकली त्यांना मी काय म्हणते ते कळेल. जुन्या नाशकातला तो चौक, मागे पार, रस्त्यावर मांडी घालून बसलेली माणसं, आजूबाजूच्या घरांच्या गॅलऱ्यांत कपबशी घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं. एका वर्षी विलंबित ख्याल चालू असताना पिंपळावरचे पक्षी उठले. आधी एक कावळा, मग सगळेच. गाणाऱ्यांनी वर बघितलं, किंचित थांबले आणि पुढची आवर्तनं त्या कलकलाटाला जागा देत गायली. मला तो राग कुठला होता ते आता आठवत नाही, लाज वाटते सांगायला. कावळा आठवतो.

आणि एक मैफल सांगते, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. २००६ साल, लोडशेडिंगचे दिवस. नाशिकरोडच्या एका शाळेचा हॉल, संध्याकाळची वेळ. बाई मोठ्या गायिका, नाव लिहीत नाही कारण नाव लिहिलं की कमेंटमध्ये फक्त नावावरच चर्चा होते. बागेश्रीचा ख्याल जेमतेम सुरू झाला आणि वीज गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. दोन मिनिटं अंधारात खोकले आणि "अरे बघा रे कुणीतरी". बाईंनी तानपुरा थांबू दिला नाही. म्हणाल्या, "पुढे या सगळे. जवळ बसा."

लोकांनी खुर्च्या सोडल्या. सोफे सोडले. ज्याला जे सापडलं ते, सतरंजी, चादर, कुणी वर्तमानपत्र, घेऊन मंचाच्या कडेपर्यंत जाऊन बसले. बाबांनी मला हाताला धरून जवळपास तबलजींच्या मांडीवरच नेऊन बसवलं. मंडपवाल्याची एक पेट्रोमॅक्स आली, तिचा सूं असा आवाज त्रास देतो म्हणून ती दाराबाहेर ठेवली. आणि मग गाणं. माईक नसला की श्वास ऐकू येतो हो. मींड घेताना बांगड्या सरकलेल्या ऐकू येतात. तबलजींचं चाटीवरचं बोट किती हलकं पडतं ते कळतं. दोनशे माणसं, आणि खोकला आला तर लोक उठून बाहेर जाऊन खोकत होते. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं इतकं बारीक आवाजात पोचत होतं की ते पोचवायचं काम आपल्याकडेही आहे असं प्रत्येकाला वाटत असावं.

साडेनऊच्या पुढे कधीतरी वीज आली. भोंग्यांतून एकदम घुंईईई. अख्ख्या हॉलमधून एकच आवाज, "बंद करा!" साउंडवाला बिचारा गोंधळला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला कुणी चालू झालेला माईक बंद करायला सांगितला नसेल. त्याने केला. दिवेही कुणीतरी अर्धे घालवले.

त्या रात्री घरी येताना बाबा म्हणाले होते, आज सोफा कुणाचाच नव्हता.

सोफ्यावरून गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट आठवते. ते उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले. हे आपण अभिमानाने सांगतो. पण विष्णु दिगंबरांनी केलं काय होतं? त्या काळी गाणं होतं संस्थानिकांच्या दरबारात नाहीतर देवळात. यांनी सौराष्ट्रात जाहीर मैफल केली, माफक तिकीट लावून, ज्याच्या खिशात तेवढे पैसे त्याने यावं आणि ऐकावं. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, नंतर मुंबईत, आणि त्या मुंबईच्या इमारतीपायी कर्जात बुडाले. राजाच्या मेहेरबानीवर गाणं चालू नये म्हणून त्या माणसाने किंमत मोजली. आणि आपण? मंडपात पहिली रांग पुन्हा दरबाराची केली. फरक इतकाच की त्या दरबारातल्या काही राजांना गाणं कळत तरी होतं.

माझी लेक मला कोरोनाआधी एकदा सुला फेस्टला, म्हणजे वायनरीतल्या संगीत महोत्सवाला, घेऊन गेली होती. द्राक्षांच्या मळ्यात, गवतावर, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोरांच्या गर्दीत. मी नाकं मुरडायची पूर्ण तयारी करून गेले होते. आवाज छातीत घुसत होता, शब्द एक कळत नव्हता, सगळे उभे. पण फलकावर पाच वाजता लिहिलं होतं आणि पाचला गिटार वाजली. ना समई, ना शाल, ना निवेदक. त्या बँडला मावळतीची वेळ मुद्दाम दिली होती की योगायोग होता माहीत नाही, पण मागे गंगापूर धरणाकडे सूर्य उतरत होता आणि ते जे काय वाजवत होते ते त्याला साजेसं होतं. मी लेकीला म्हटलं, हा यांचा मारवा, मावळतीचा राग. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढे बोलले नाही.

तर परवा आमच्या कॉलनीच्या बैठकीत मी विषय काढला. पुढच्या वर्षी सत्कार शेवटी करा, गाणं झाल्यावर. सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "ताई, शेवटी ठेवला तर पाहुणे शेवटीच येतील. आणि पाहुणे आले नाहीत तर मंडपाचं बिल कोण देणार? तुम्ही?"

मला उत्तर आलं नाही. काकांचं चुकलेलं नव्हतं. तानपुऱ्यापासून चहापर्यंत सगळ्याचे पैसे त्या चौदा शालींमागूनच आले होते, आणि मी दिलेली वर्गणी मंडपाच्या एका खांबालाही पुरली नसती.

म्हणून काल रात्री ग्रुपवर टाकलं: पुढच्या दिवाळीला माणशी दोनशे रुपये तिकीट, सोफे नाहीत, पहिल्या रांगेत जो आधी येईल तो बसेल, पाच पंधराला गाणं. ग्रुपमध्ये दोनशे चाळीस माणसं आहेत. आत्तापर्यंत अकरा अंगठे आले. त्यातल्या चौघांनी मला वेगळा मेसेज करून विचारलंय की दोन पास मिळतील का.