गणपतीला घाट उतरून येताय? तो मेसेज आधी पुसून टाका

गणपती जवळ आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा चौघांनी पाठवला. सांगणं असं: गाडी गच्च भरा, वजनाने घर्षण वाढतं, जड गाडी ओल्या रस्त्यावर लवकर थांबते. उताराला न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं. आणि टायर गोटा झाले असले तरी घाबरू नका, उलट जास्त रबर रस्त्याला टेकतं. चाकरमानी हे वाचून आंबोली उतरतात याची मला खरंच भीती वाटते, म्हणून लिहितोय.

आधी वजनाचं. घर्षण वजनाबरोबर वाढतं हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं खोटंही पटतं. पण वजन दुप्पट झालं तर थांबवायची गाडीही दुप्पट जड झाली ना! पकड दुप्पट, कामही दुप्पट. हिशेब तिथल्या तिथे फिटला. सपाट ओल्या डांबरावर घर्षणगुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.४ धरा. ताशी ६० किलोमीटरवर ब्रेक दाबलात की गाडी सुमारे ३५ मीटरवर थांबते. कोरड्या रस्त्याला ०.७ धरला तर २० मीटर. या गणितात वजन येतच नाही. वेग मात्र वर्गाने येतो: ओल्या रस्त्यावर ताशी ८० ला हेच अंतर ६३ मीटर होतं. उतारावर त्याहूनही जास्त.

नातीला हे पटेना. मग पडवीत फणसाची फळी घेतली, तिच्यावर एकाच मापाचे दोन स्टीलचे डबे ठेवले, एक रिकामा आणि एक तांदळाने भरलेला. फळीचं एक टोक हळूहळू उचलत गेलो. भरलेला डबा जागचा हलणार नाही अशी तिची पैज होती. दोन्ही डबे जवळजवळ एकदमच सुटले. तिने तीनदा करून पाहिलं. घरी जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे.

न्यूट्रलचा सल्ला तर सगळ्यात घातक. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. दीड टनाची गाडी त्यातली ५०० मीटर उंची उतरली, तर ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. तेवढ्या उष्णतेत २४ लिटरचा हंडा उकळेल. हवा आणि टायर थोडी खातात. गाडी दुसऱ्या गिअरात असेल तर मोठा वाटा इंजिन ओढून धरतं. न्यूट्रलला तो सगळा भार ब्रेकवर पडतो. लायनरचा जळका वास येऊ लागतो, पेडल मऊ पडतं, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. आणि गाडीत पाच माणसं, सामान मिळून ५०० किलो भरले असतील तर हीच उष्णता एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे मेसेजमधला पहिला सल्ला दुसऱ्याला आणखी जीवघेणा करतो.

शिवाय पेट्रोल वाचतच नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जवळपास बंदच होतं. चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं.

राहिले टायर. कोरड्या शर्यतीच्या ट्रॅकवर बिनखाचांचे टायर चालतात, तिथूनच ही समजूत आली असावी. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात रस्त्यावर पाणी असतं, त्यावर दरडीची तांबडी माती वाहून आलेली. खाचा असतात त्या हे पाणी बाजूला काढायला. त्या नसल्या तर रबर आणि डांबर यांच्यात पाण्याचा थर राहतो, आणि वेग असला की गाडी त्याच्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी टायरच्या खाचेत बोट फिरवून पाहा. तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या लागतील, १.६ मिलिमीटर उंचीच्या. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर टायर बदलूनच या. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.