कमवा, शिका आणि पक्कं घर नाही हे सिद्ध करा

इंदुरात येऊन शिकायचं, वर नोकरी करायची आणि वर डोक्यावर स्वतःचं छप्पर पण पाहिजे, असं तुमच्या मनात असेल तर आधी अभिनंदन, हौस असावी तर अशी. भंवरकुआँच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या त्या गजबजलेल्या भागातल्या, खोलीत तिघांनी राहायचं, दार उघडायचं असलं की मधल्याने गादी गुंडाळायची, हे काय जन्मभर थोडंच करायचंय. सरकारने योजना काढलेली आहे, तुम्ही फक्त पात्र व्हायचंय, आणि ते अगदी सोपं आहे.

पहिलं म्हणजे आईवडील नीट बघून निवडा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 ही 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू झाली, 1 कोटी कुटुंबांसाठी आहे, आणि तिच्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलंमुली. म्हणजे तुम्ही बावीस वर्षांचे घोडे झालात, दिवसा कॉलेज करता, रात्री बारापर्यंत लोकांच्या घरी पिझ्झे पोचवता, फी स्वतःची स्वतः भरता, तरी कागदावर तुम्ही अजून बाबांच्या मांडीवर. आणि या कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. आता बाबांनी पीएफ काढून बऱ्हाणपुरात दोन खोल्या बांधून ठेवल्या असतील तर झालंच की, घर आहे तुम्हाला, सकाळी सातच्या लेक्चरला तिथून निघायचं आणि रात्रीची शेवटची ऑर्डर देऊन परत जायचं, दीडशे किलोमीटरच्या वर तर आहे फक्त. बाबांना आधीच सांगायला हवं होतं की कच्चंच राहू द्या, पोराचं पुढे कल्याण होईल.

मग उत्पन्न. वर्षाला 3 लाखांपर्यंत, म्हणजे महिन्याला 25 हजार, असेल तर तुम्ही ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातले, आणि हे पूर्ण कुटुंबाचं बरं का. घाबरू नका, पिझ्झ्यात एवढे मिळत नाहीत. पण बाबांचा पगार मिळवला की तुम्ही एकदम एलआयजीत, म्हणजे त्याच्या वरच्या अल्प उत्पन्न गटात. आणि पगार नाही मिळवला तर बँक कर्ज देणार नाही, कारण सरकार काही रक्कम देतं, बाकीची तुम्हीच आणायची असते. व्याजावर 4 टक्के सूट पण आहे, जास्तीत जास्त 1.80 लाखांपर्यंत, फार चांगली गोष्ट आहे, फक्त सूट मिळायला आधी कर्ज मिळावं लागतं. बँकवाला सॅलरी स्लिप मागेल तेव्हा त्याला सांगा की कंपनीत मी नोकर नाही, पार्टनर आहे. तो उठून उभा राहील. कदाचित दार दाखवायला.

बरं, विकत नको, भाड्याचं सरकारी घर चालेल म्हणता? तर खुशखबर, त्यात तुमचं नाव चक्क छापलंय. याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक भाग आहे, त्याची यादी अशी: नोकरी करणाऱ्या महिला, कारखान्यातले कामगार, शहरात आलेले स्थलांतरित, बेघर, निराधार आणि विद्यार्थी. क्रम बघितलात ना, निराधारनंतर लगेच तुम्ही, ज्याने कोणी लिहिलंय त्याला तुमच्या मेसचा डबा माहीत असणार. 2020 च्या भाड्याच्या घरांच्या योजनेत पण विद्यार्थी होतेच, म्हणजे यादीत तुम्ही जुने रहिवासी आहात, घरात नसलात म्हणून काय झालं. मन लागत नसेल तर रविवारी कनाडियाकडे लाईट हाऊस प्रोजेक्ट, म्हणजे नव्या तंत्राने बांधलेली सरकारी घरं, बघून या, 1 जानेवारी 2021 ला पायाभरणी झाली, 1024 फ्लॅट, सगळे प्रीफॅब सँडविच पॅनलचे. हे सँडविच छप्पन दुकान या खाऊगल्लीतलं नाही, खाऊ नका.

तोवर खोलीचं भाडं? अनुसूचित जाती-जमातीच्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने राहायला इंदुरात महिन्याला 2 हजारांपर्यंत सहायता मिळते, खरंच मिळते, पण किरायानामा जोडायचा. इथे आपल्या माणसांचा खरा आधार असतो. रामबागेत, मराठी वस्तीत, एखाद्या काकूंकडे खोली बघा. काकू आधी आडनाव विचारतील, मग गाव, मग मामाचं आडनाव, आणि सगळं पटलं की म्हणतील, "अरे तू तर आपल्यातलाच, कागद कशाला करायचे?" हे ऐकून डोळ्यात पाणी आणायचं आणि भाडं रोख द्यायचं. दिवाळीनंतर भाडं वाढवताना पण त्या आपलं समजूनच वाढवतात. गेट रात्री दहाला बंद, तुमची शिफ्ट सुटते बाराला, मग पुढची रात्र सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, काढा, शहर त्यासाठीच जागं असतं.

कागदपत्रांचं फार काही नाही. आधार, बँकेचं खातं, आय प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला, आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख नंबर, ज्यात कुटुंबाचा 8 आकडी नंबर वेगळा आणि तुमचा 9 आकडी वेगळा. कियोस्कवाला भिया विचारेल कोणता टाकू, तुम्ही म्हणायचं दोन्ही टाक, तो म्हणेल साईट बंद आहे. परीक्षा असेल त्याच दिवशी साईट चालू होते, हे पाळून ठेवा.

एवढं सगळं करून अपात्रच ठरलात तर एक रामबाण उपाय आहे, लग्न करा. लग्न झालं की तुम्ही स्वतंत्र कुटुंब, बाबांच्या दोन खोल्या बाबांना लखलाभ. अडचण एवढीच की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, मुलाचं स्वतःचं घर आहे का? त्यांना शांतपणे समजावून सांगा की तुम्ही हो म्हणालात तरच घराचा अर्ज भरता येतो, आणि घर तसंही मुलीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होणार. मुलीचे काका सरकारी नोकरीतले असतील तर त्यांना लगेच पटेल. फक्त पत्रिका जुळवायच्या आधी एक विचारून घ्या, मंगळबिंगळ नंतर बघता येईल, तिच्या नावावर तिच्या बाबांनी ग्वाल्हेरला एखादा फ्लॅट घेऊन ठेवला नाहीये ना. ठेवला असेल तर नम्रपणे नकार कळवा, किंवा सरळ ग्वाल्हेरला ॲडमिशन घ्या.