आत्याचा डबा कुणीही काढून घेणार नव्हतं

माझी आत्या इंदूरच्या रामबागेत राहते. वय 71, मधुमेह जुना. मागच्या महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी ती सकाळच्या विमानाने एकटीच पुण्याला निघाली. आदल्या रात्री तिने दशम्या केल्या, दाण्याची चटणी कुटली, डबा भरून ओट्यावर ठेवला. तो डबा ओट्यावरच राहिला, आणि विसरून नव्हे. पहाटे पाचला घरच्या ग्रुपवर आलेला एक निरोप वाचून तिने तो मुद्दाम मागे ठेवला.

निरोप तुमच्याकडेही आला असेल. वर 'विमानतळावर लुटले जाऊ नका, प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने वाचावे', खाली जोडलेले हात, आणि मध्ये सात कलमं. घरचं खाणं आत नेता येत नाही, सुरक्षावाले फेकून देतात. पाण्याची बाटलीही चालत नाही. उड्डाणाआधी सहा तास काही खाऊ नका, वर हवेचा दाब कमी झाला की अन्न पोटात फुगतं आणि हृदयावर दाब येतो. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं गुन्हा आहे. सरकारने सगळ्या विमानतळांवर चहा दहा रुपये केलाय, जास्त मागितले तर देऊ नका. अर्धा तास उशीर झाला की फुकट जेवण आणि दहा हजार भरपाई. आणि कुठलंही एटीएम कार्ड दाखवून दोन रुपयांत लाउंजमध्ये पोटभर जेवा.

आमच्याकडे हा एका काकांनी पाठवला. काका, तुमचा मान ठेवायचा म्हणून मी ग्रुपवर गप्प बसले. इथे लिहिते.

सुरुवात तिसऱ्या कलमापासून, कारण त्यानेच घोळ केला. आत्या ग्लिमेपिराइड घेते. ती गोळी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायची असते, कारण पोटात काही गेलंय की नाही हे ती बघत नाही. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि रक्तातली साखर खाली आणते. आत्याने साडेपाचला गोळी घेतली आणि 'सहा तास' पाळायचे म्हणून वर नुसतं पाणी प्यायली. आठच्या सुमारास गेटजवळच्या खुर्चीत तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोर्डिंग पासवरचे आकडे एकमेकांत मिसळायला लागले. शेजारच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून गुळपापडीच्या दोन वड्या तिच्या हातावर ठेवल्या. पाव तासाने ती ताळ्यावर आली. साखर अशी उतरली की तीन-चार चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, लगेच द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं, हे मधुमेह्याच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. त्या बाईंना तेवढंही माहीत नसावं, पण वेळेला त्यांनी नेमकं तेच केलं. आत्याने पुण्याला पोचल्यावर फोनवर हे सगळं हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

आता त्या हवेच्या दाबाबद्दल. विमानाच्या आत दाब राखलेला असतो. विमान कितीही उंच गेलं तरी आतली हवा फार तर 8,000 फुटांवरच्या, म्हणजे साधारण 2,400 मीटरवरच्या हवेइतकी विरळ होते. बद्रीनाथ 3,100 मीटरवर आहे. आत्याच चारधामला जाऊन आली आहे आणि तिथे कढी-खिचडी खाऊन आली आहे. हृदयावर काही आलं नाही. सिमला 2,200 मीटरच्या आसपास आहे आणि तिथले लोक रोज दोन वेळा जेवतात, असं ऐकून आहे. आणि वर खाणं इतकं घातक असेल तर विमानात ती सँडविचची ट्रॉली कशाला फिरवतात?

यात खरं असेल तर पाव आणेभर. दाब कमी झाला की पोटातला वायू तीसेक टक्क्यांपर्यंत प्रसरण पावतो. म्हणून निघताना छोले, राजमा, कोबी, सोड्याची बाटली टाळावी. पोट जड होईल, ढेकरा येतील, शेजारी नाक मुरडेल. यावरून 'उपाशी राहा' असं निघत नाही. आणि ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी खाण्याच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचाराव्यात, फॉरवर्डला नाही.

मग डबा. देशातल्या देशात उडताना घरचं कोरडं खाणं बॅगेतून नेण्यावर बंदी नाही. पोळी, पराठा, धपाटे, दशमी, इडली, चिवडा, लाडू सगळं एक्स-रेमधून सरळ जातं. फार तर बॅग उघडायला लावतात, डब्याचं झाकण काढून दाखवायला सांगतात. ज्या गुळपापडीने आत्याला सावरलं तीही त्याच यंत्रातून, त्याच सकाळी, त्याच रांगेतून आत आली होती. पाण्याची बाटलीही देशांतर्गत प्रवासात चालते. कधीकधी जवान त्यातला एक घोट प्यायला सांगतो. 100 मिलिलिटरची अट आंतरराष्ट्रीय उड्डाणाची आहे. तिथे रिकामी बाटली न्यायची आणि सुरक्षा तपासणी झाल्यावर आतल्या कूलरवर भरायची.

हो, काही गोष्टी खरंच अडतात, आणि अफवा बहुधा तिथूनच निघाली असावी. तेलात बुडालेलं लोणचं, तूप, पातळ भाजी हातातल्या बॅगेत नेऊ नका, अडवतात. चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून घाला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र तिथेही नाहीत. खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. घरोघरी हे कुणाला पटत नाही, पण आहे तसं. आणि दुबई-शारजाला मुलांकडे निघालेल्यांसाठी एक: अनारसे नेऊ नका. त्यावरची खसखस अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि तिथे त्यावरून पोलिसांपर्यंत प्रकरण जातं. ज्येष्ठ नागरिकांना काही कळवायचंच होतं तर हे कळवायचं.

छापील किमतीचं कलम अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त भांडणं लावतं. दुकानाच्या मांडणीवरून उचललेल्या बंद पाकिटावर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. 1 जानेवारी 2018 पासून तर एकाच वस्तूवर बाजारासाठी एक आणि विमानतळासाठी दुसरी किंमत छापायलाही मनाई आहे. जास्त घेतले तर बिल मागा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. पण टेबल-खुर्ची असलेल्या रेस्टॉरंटात हा नियम चालत नाही. 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं की तिथे पाण्याची बाटली नुसती विकली जात नाही, जागा आणि वाढपही त्यात येतं, त्यामुळे छापील किमतीचा कायदा तिथे लागू होत नाही. म्हणजे 'मला कायदा माहीत आहे' म्हणत रेस्टॉरंटच्या काउंटरवर आवाज चढवणारा प्रवासी हरणारच, आणि मागे रांग खोळंबणार. आणि डोसा, समोसा, चहा यांवर मुळात छापील किंमत नसतेच. ते लोक मागतील तेवढे घेतात आणि आपण चरफडत देतो.

दहा रुपयांचा चहा कुठून आला तेही सांगते. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' नावाचं एक काउंटर सुरू झालं: पाणी 10, चहा 10, कॉफी 20, समोसा 20. पुढे चेन्नईला आणि आणखी काही ठिकाणी तसंच उघडलं. चांगली गोष्ट आहे, मनापासून. पण ते भाव त्या एका काउंटरचे. बाजूच्या काचेच्या दुकानात जाऊन दहाची नोट पुढे केलीत तर तो मुलगा तुमच्याकडे नुसता बघत राहील, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्या विमानतळावर असं काउंटर दिसलं तर रांग लावा, नाही दिसलं तर सरकारी आदेशाच्या गप्पा नकोत.

उशिराचं कलम: इंदूरहून मुंबई, पुणे, दिल्ली ही अडीच तासांच्या आतली उड्डाणं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे त्यांना दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं. अर्धा तास नव्हे, आणि धुक्यासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तेही बंधन नाही. दहा हजाराचा आकडा रद्द झालेल्या विमानाच्या भरपाईतून उचललाय.

लाउंजचं दोन रुपयांचं गुपित सगळ्या कार्डांना नाही, बऱ्याच बँका आता आधीच्या तिमाहीतला खर्च बघतात. बँकेला विचारा, एवढंच.

राहता राहिलं स्वस्तात खायचं कसं. इंदूरात हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं. पहाटे विमानतळाकडे जाताना वाटेत कुठल्याही ठेल्यावर वाफेवरचे पोहे मिळतात, वर सेव, कांदा, जीरावन नावाचा इंदुरी मसाला, आणि वीस-तीस रुपयांत पोट भरतं. बांधून घ्यायचे असतील तर सेव वेगळ्या पुडीत घ्या, नाहीतर बिजासन टेकडी येईपर्यंत तिचा चिखल होतो. जीरावनची पुडी हातातल्या बॅगेत चालते का, असं एका मावशींनी मला विचारलं. माझ्या दोनदा गेल्या आहेत. तुमच्या वेळी एखाद्या जवानाला त्या पिवळट पुडीचा संशय आलाच तर वास घ्यायला सांगा.

आत्या मुंज आटोपून गेल्या रविवारी परतली. सुनेने धपाटे आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. पुण्याच्या तपासणीत जवानाने डबा उघडायला लावला, आत बघितलं आणि म्हणाला, "माताजी, अचार तो नहीं है ना?"

"नाही रे बाबा," आत्या म्हणाली, "ते बॅगेत घातलंय." आणि त्याला एक धपाटं देऊ केलं. त्याने घेतलं नाही.