मिम्नर्मस रडका नव्हता

‘मिम्नर्मस नावाचा ग्रीक कवी जन्मभर म्हातारपणाच्या धास्तीने रडला. नान्नो नावाच्या बासरीवालीच्या प्रेमात त्याने विलापिका लिहिल्या. साठाव्या वर्षी मरण मागितलं आणि साठाव्या वर्षीच गेला.’ हा मजकूर सध्या खूप फिरतोय. माझ्या आवडत्या कवीबद्दल आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

घोळ ‘विलापिका’ या शब्दापासूनच आहे. इंग्रजी ‘एलेजी’साठी आपण तो वापरतो आणि अलीकडच्या कवितेला तो शोभतोही. पण इ.स.पू. सातव्या शतकात हा प्रकार ओळखला जाई तो वृत्तावरून. पहिली ओळ होमरच्या महाकाव्यातली, सहा गणांची. दुसरी तिच्याहून आखूड. या जोडओळींत काहीही गायचं. तिर्ताइओस या कवीने स्पार्टाच्या शिपायांना याच वृत्तात लढायला उभं केलं, अथेन्सचा कायदेकर्ता कवी सोलोन याने आपल्या नगराचं राजकारण मांडलं. अभंगात कुणी विठ्ठलाशी भांडतं, कुणी दांभिकांना झोडपतं. म्हणून अभंग म्हणजे भांडण, असं आपण म्हणतो का?

आता म्हातारपण. मिम्नर्मसने त्यावर लिहिलं, आणि फार जिव्हारी लागेल असं लिहिलं. ‘सोनेरी आफ्रोदितीवाचून (ही प्रेमाची देवी) कसलं जगणं, कसला आनंद?’ असं तो विचारतो. वसंतात उन्हासरशी भराभर वाढणाऱ्या पानांसारखे आपण, असं म्हणतो. पानांची उपमा होमरच्या ‘इलियड’मध्येही आहे, पण तिथे जुनी पानं गळतात आणि नवी फुटतात. मिम्नर्मसकडे नवी फुटतच नाहीत. आपल्याला तारुण्याचं ऊन मिळतं ते हातभर, आणि नंतर दोन काळ्या देवता उभ्या: एकीच्या हाती म्हातारपण, दुसरीच्या हाती मरण.

पण या ओळी आपल्यापर्यंत पोचल्या कशा? त्याचं एकही पुस्तक अखंड उरलेलं नाही. उरल्यात त्या शंभराच्या आतल्या ओळी, बहुतेक इतरांनी उद्धृत केलेल्या. म्हातारपणावरच्या बऱ्याचशा स्तोबाइओस नावाच्या ग्रीक संकलकाच्या वेच्यांतून आल्या. इसवी सनाच्या पाचव्या शतकात त्याने मुलासाठी विषयवार वेचे जमवले, त्यात एक प्रकरण म्हातारपणाच्या निंदेचं. त्या प्रकरणात त्या विषयाच्याच ओळी सापडणार! निवड संकलकाची आणि रडका ठरला कवी.

त्याच स्तोबाइओसने शौर्याच्या प्रकरणातही मिम्नर्मसच्या ओळी घेतल्यात. हेर्मोस नदीच्या मैदानात भाला घेऊन लिडिया या शेजारच्या राज्याच्या दाट घोडदळाला उधळून लावणाऱ्या एका वीराचं ते वर्णन आहे. कवी म्हणतो, त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या वडीलधाऱ्यांकडून हे ऐकलंय. आताच्यांत तसा दम नाही. ग्यूगेस राजाच्या लिडियन फौजेशी स्मिर्ना कशी लढली, यावर मिम्नर्मसचं काव्य होतं, हे प्रवासवर्णनकार पाउसानियास नोंदवतो. स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. भूगोलकार स्त्राबोने दिलेल्या ओळींत तर तो स्वतःच्याच पूर्वजांबद्दल म्हणतो की आम्ही बळजोरीने कोलोफोन नगरात ठाण मांडलं, उन्मत्तपणात पुढे होतो. आपल्याच माणसांना असं म्हणायला छाती लागते.

नान्नो हे त्याच्या एका काव्यसंग्रहाचं नाव म्हणून येतं. प्रेमकथा नंतरच्या कवींनी सांगितली; त्याच्या उरलेल्या ओळींत हे नाव एकदाही नाही. शिवाय ते वाद्य बासरी नव्हे, औलोस. फुंकायचं, जोडनळ्यांचं, आवाजाला सनईच्या जवळचं.

आणि साठी? ती इच्छा आहे, मृत्यूची नोंद नव्हे. ‘रोग आणि जाचक काळज्या नसताना’ साठाव्या वर्षी मरण यावं, असं तो म्हणतो. सोलोनने त्यावर कवितेतच उत्तर दिलं: ती ओळ पूस, राग मानू नकोस, आणि गा की ऐंशीव्या वर्षी मरण यावं. एका कवीने दुसऱ्याची ओळ इतक्या आपुलकीने दुरुस्त करावी, हे रडक्या कवीच्या वाट्याला येतं का?

त्याची मला सर्वात प्रिय कविता सूर्यावरची आहे. अथेनाइओस या नंतरच्या ग्रीक लेखकाने ती पेल्यांच्या चर्चेत, सूर्य रात्री ज्यात बसून समुद्र ओलांडतो त्या पेल्याचा विषय निघाला म्हणून उतरवून घेतली, आणि त्यामुळे ती टिकली. सूर्याच्या नशिबी रोजचे कष्ट. त्यालाही विसावा नाही, घोड्यांनाही नाही. रात्री हेफाइस्तोस या लोहारदेवाने घडवलेली, पंख असलेली सोन्याची पोकळ शेज त्याला लाटांवरून, तो गाढ झोपलेला असताना, पश्चिमेच्या हेस्पेरिदेस अप्सरांच्या देशातून पूर्वेच्या इथिओपियनांच्या भूमीवर नेते. तिथे रथ आणि घोडे उषेची वाट पाहत उभे असतात.